मदत हवी आहे: एकाच फाइलमध्ये दोन बेसनेम

मंडळी, लिनक्सवर सी प्रोग्रॅममध्ये स्ट्रिंग.एच या हेडर फाइलमधलं जीएनयूचं बेसनेम (पाथमधलं शेवटचं नाव देणारं फंक्शन) वापरत होते. काल दुसऱ्या एका पाथसाठी डिरनेम (पाथमधला फोल्डरचा भाग देणारं फंक्शन) लागलं, म्हणून त्याची हेडर फाइल लिबजेन.एच जोडली आणि चालता प्रोग्रॅम सेगफॉल्ट (मेमरीला चुकीचा हात लावल्याची एरर) देऊन कोसळला. दोन तास डोकं फोडलं. जीलिबसीच्या (लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या) त्या हेडरमधला मॅक्रो बेसनेमच्या जागी गुपचूप पोझिक्सवालं (युनिक्स स्टँडर्डमधलं) फंक्शन बसवतो! ‘/यूएसआर/लिब/’ दिलं की जीएनयूवालं रिकामी स्ट्रिंग देतं; पोझिक्सवालं मात्र शेवटचा स्लॅश पुसायला जातं, आणि माझा पाथ स्ट्रिंग लिटरल (कोडमध्येच लिहिलेली, बदलता न येणारी स्ट्रिंग) होता, म्हणून क्रॅश. मॅन पेजवर (फंक्शनच्या मॅन्युअलमध्ये) हे लिहिलंय, पण पार खाली, बग्जमध्ये.

डिरनेम तर हवंच आहे. लिबजेन.एच नंतर बेसनेम अनडेफ करणं (म्हणजे तो मॅक्रो रद्द करणं) भरवशाचं आहे का, की सरळ स्ट्रआरसीएचआर (स्ट्रिंगमध्ये एखादं अक्षर शेवटचं कुठे आलंय ते शोधणारं फंक्शन) वापरून स्वतःचं फंक्शन लिहू? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.