नववीच्या वर्गातल्या एका चिठ्ठीबद्दल सल्ला हवाय (आणि सर्व्हेवर नावं घ्यायची का?)

मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

मी तालुक्याच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, आमच्याकडे प्रभातफेरी, लाल रिबन, घोषणा, की झालं. यंदा मी हट्टाने नववीला दोन तास मागून घेतले. २००७ ला राज्यात शाळेतल्या लैंगिक शिक्षणावरून जो गदारोळ झाला त्याचा धसका स्टाफरूममध्ये अजून आहे, त्यामुळे परवानगी मिळायलाच पंधरा दिवस गेले.

पहिल्या तासाला दहा प्रश्नांचा कागद दिला, बरोबर / चूक / माहीत नाही. डास चावून एचआयव्ही होतो का, एका ताटात जेवलं तर, आईकडून बाळाला होऊ शकतो का, असले. शिकवून झाल्यावर तोच कागद परत भरून घेणार, म्हणजे फरक कळेल. आता मुख्याध्यापक म्हणतायत की रोल नंबर टाकायला लावा, नाहीतर रेकॉर्डला काय दाखवणार? वर मुलं 'तसलं काही' करतात का तेही विचारा म्हणे. अहो, नाव लिहिल्यावर कोण खरं सांगेल? अमेरिकेत १९९१ पासून दर दोन वर्षांनी नववी ते बारावीच्या मुलांना वागण्याबद्दलचे प्रश्न विचारतात, पण त्या कागदावर नाव नसतं. आणि आपल्याकडे पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आहे, मुलाने नावासकट काही लिहिलं आणि ते आपल्याला कळलं तर कळवणं बंधनकारक होतं, हे मी सरांना कसं पटवू?

पण खरी झोप उडालीय ती दुसऱ्याच गोष्टीने. प्रश्न टाकायला बुटाचा खोका ठेवला होता. बऱ्याच चिठ्ठ्या न्हाव्याच्या ब्लेडच्या, टॅटूच्या. एक मात्र चार घड्या घातलेली, पेन्सिलने, 'आईला आहे. मला पण असेल का? मी कुणाला विचारू?'

अक्षर मी ओळखलं. रोज वह्या तपासते ना.

त्या मुलाला (मुलगा की मुलगी ते मुद्दाम सांगत नाही) बाजूला बोलवलं तर वर्गाला वास लागेल, आणि खोका निनावी आहे असा शब्द मी दिला होता तोही मोडेल. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशी माहिती संमतीशिवाय उघड करता येत नाही, म्हणून मी स्टाफमध्ये कुणाला बोललेही नाही. सरकारी दवाखान्यात आयसीटीसीला (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र) टेस्ट फुकट होते, पण अठराच्या आत पालकांची संमती लागते, म्हणजे परत आईच. आणि पोराला कळलंय हे आईला तरी माहीत असेल का?

सध्या ठरवलंय ते असं, की पुढच्या तासाला सगळ्यांसमोरच सांगायचं, आईला असला म्हणजे मुलाला असतोच असं नाही, वेळेत औषधं घेतली तर धोका खूपच कमी होतो, टेस्टनेच कळतं, आणि फळ्यावर एचआयव्ही हेल्पलाइनचा १०९७ हा टोल फ्री नंबर लिहून तसाच ठेवायचा. एवढं पुरेल का? की आईशी वेगळ्या निमित्ताने बोलू?

इथे कुणी समुपदेशक, आयसीटीसीत काम केलेलं असेल तर कृपया लिहा. तास गुरुवारी आहे.