मदत हवी आहे: आईबाबांना खरं कंट्री म्युझिक कुठे ऐकवू? (उद्याच हवंय)

नीरजा_व
घाईत लिहितेय. आज संध्याकाळी आईबाबांना घेऊन फॅमिली कंट्री शोला गेलो होतो, प्रचंड निराशा झाली. बाबा गिरगावात तरुणपणी गणपतीच्या मिरवणुकीत बँजो वाजवायचे, त्यांना इथला पाच तारांचा बँजो समोर बसून ऐकायचा होता. तो जेमतेम एका गाण्यात वाजला. बाकी वेळ दात काळे रंगवलेला, डंगरी घातलेला विनोदवीर, मग एल्विसची नक्कल, मग चर्चची गाणी, मग झेंडा आणि माजी सैनिकांना उभं करणं. मध्यंतरात तोच विनोदवीर रांगांमधून टीशर्ट विकत फिरत होता. शेवटच्या गाण्यात स्टील गिटारवाल्याने दोन्ही हात वर करून टाळ्या घेतल्या आणि गिटार वाजतच राहिली! बाबांनी माझ्याकडे बघितलं, मला काय बोलावं सुचेना.

उद्या संध्याकाळी अशाच दुसऱ्या शोची तिकिटं आहेत. ती रद्द होतील का? आणि इथे जवळपास खरं वादन कुठे ऐकायला मिळेल? प्लीज लवकर सांगा.

गवती_चहा
इथे म्हणजे कुठे? गाडी आहे का? परत कधी निघायचंय?

नीरजा_व
ब्रॅन्सन, मिसुरी. हायवे 76 वर. गाडी आहे. रविवारी दुपारपर्यंत बेंटनविलला घरी पोचायचंय.

सूरसखा
ब्रॅन्सन सोडा, सरळ नॅशव्हिल गाठा. ग्रँड ओल ऑप्री ही कंट्रीची मैफल 1925 पासून रेडिओवर चालू आहे. 1943 ते 1974 ती रायमन ऑडिटोरियममध्ये होत असे, तिथले लाकडी बाक अजून तसेच आहेत. कंट्री ऐकायचं तर तिथेच.

कोकण्या_मिडवेस्ट
सूरसखा, नकाशा बघा हो. ब्रॅन्सनहून नॅशव्हिल सात तास. म्हाताऱ्या माणसांना घेऊन शनिवारी जायचं आणि रविवारी दुपारी बेंटनविलला पोचायचं, कसं शक्य आहे?

सूरसखा
मी दर वेळी जातो, काही होत नाही. पहाटे निघायचं.

मिसुरीकर_मावशी
नीरजा, शो आवडला नाही हे समजू शकते, पण सगळ्या ब्रॅन्सनला नावं ठेवू नकोस. 1959 मध्ये बाल्डनॉबर्स या भावांच्या ग्रुपने इथे सुरुवात केली, 1967 मध्ये प्रेस्ली कुटुंबाने 76 वर पहिलं थिएटर बांधलं (एल्विसशी त्यांचा संबंध नाही). 1991 मध्ये टीव्हीवरच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने दाखवलं आणि मग बसेस भरभरून लोक यायला लागले. काळ्या दातांचा विनोदवीर हा त्या परंपरेचाच भाग आहे. आजोबा, मुलगा, नातू एकाच स्टेजवर वाजवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ऑर्केस्ट्राला जाऊन ख्याल ऐकायला मिळाला नाही म्हणून ऑर्केस्ट्राला दोष कसा देणार?

कोकण्या_मिडवेस्ट
मावशी, ऑर्केस्ट्रात निदान वाजवणारे वाजवतात. ट्रॅक लावून पूर्ण तिकीट घ्यायचं ही फसवणूकच आहे.

मिसुरीकर_मावशी
एका शोवरून सगळ्यांना फसवे ठरवू नका, एवढंच म्हणणं आहे माझं.

भाजणी
आई शाकाहारी आहेत का? त्या भागात घेवड्याच्या उसळीसारखे बीन्स मिळतात त्यात बहुतेक वेळा बेकन असतं, हिरव्या शेंगांच्या भाजीतसुद्धा. विचारल्याशिवाय घेऊ नका. मी थेपले नेले होते.

रस्ता_तोच
बेंटनविललाच राहता ना? क्रिस्टल ब्रिजेस म्युझियम दाखवा आईबाबांना, 2011 पासून आहे, तिकीट नाही. आणि त्यांचा प्रवास विमा काढलाय का?

नीरजा_व
म्युझियम दाखवून झालंय, विमा आहे. मी तिकिटांचं आणि संगीताचं विचारलंय.

गवती_चहा
तिकिटं थिएटरच्या खिडकीवर घेतली की ऑनलाइन?

नीरजा_व
रस्त्याकडेच्या काउंटरवर, निम्म्या किमतीत. उद्या सकाळी दोन तास त्यांच्या रिसॉर्टची माहिती ऐकायला जायचंय, मग तिकिटं हातात देतील. थोडं डिपॉझिट घेतलंय.

गवती_चहा
हे आधी का नाही सांगितलंत! तो टाइमशेअर आहे, म्हणजे रिसॉर्टमधली वर्षातल्या ठरावीक दिवसांची मालकी गळ्यात मारतात. दोन तास म्हणतात, सोडत नाहीत. एक माणूस संपला की त्याचा मॅनेजर येतो. कुठल्याही कागदावर सही करू नका. आणि तिकिटं अजून हातातच नाहीत तर रद्द काय करायचंय, जाऊच नका. डिपॉझिटची पावती वाचा, गैरहजर राहिलं तर ते बहुधा जातंच.

मिसुरीकर_मावशी
यावर मात्र गवती_चहाशी शंभर टक्के सहमत.

ओझार्क_आजोबा
बाबांना बँजो ऐकायचाय आणि उद्या शनिवार आहे, म्हणजे उत्तर एकच: माउंटन व्ह्यू, अर्कान्सा. ब्रॅन्सनहून हायवे 65 ने दक्षिणेला, हॅरिसन मागे टाकून लेस्ली गावाला हायवे 66 वर वळायचं. अडीच तास धरा. शेवटचा रस्ता वळणावळणाचा आहे, आईंना गाडी लागत असेल तर पुढे बसवा.

गावाच्या मध्यभागी दगडी कोर्टहाउस आहे. हवा चांगली असली की शनिवारी संध्याकाळी त्याच्या भोवती लोक घरून वाद्यं घेऊन येतात. फिडल, मॅन्डोलिन, ऑटोहार्प, उभा बेस, आणि बँजो हमखास. सहा-सात जण गोल करून बसतात, माइक नाही, स्टेज नाही, तिकीट नाही. एक जण चाल धरतो, बाकीचे ऐकून सामील होतात, मग पुढच्याची पाळी. आपण मागे खुर्ची टाकून दोन हातांवर बसायचं. बँजोवाल्याच्या उजव्या हाताच्या बोटांत नख्या असल्या, अंगठा आणि दोन बोटं चालत असली, तर ती ब्लूग्रासची, म्हणजे कंट्रीतल्या जलद वादनप्रकाराची पद्धत. नखाने वरून खाली मारत असेल तर ती जुनी, डोंगरातली. बाबांना फरक लगेच कळेल. गावाबाहेरच 1973 पासून ओझार्क फोक सेंटर आहे, हंगामात तिथे वाद्यं बनवणारे कारागीरही भेटतात. दुपारी ते बघा, संध्याकाळी चौकात या. रात्री तिथेच मुक्काम करा, अंधारात त्या वळणांवरून गाडी नको.

सूरसखा
छान आहे, पण ऑप्रीची सर नाही.

ओझार्क_आजोबा
ऑप्रीत बाबांना बँजोवाल्याची बोटं दोन हातांवरून दिसतील का, ते सांगा.

नीरजा_व
आजोबा, खूप खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं, ते बॅग भरायला लागलेत. डिपॉझिट गेलं तर गेलं. फक्त खुर्च्या नाहीत आमच्याकडे, तिथे मिळतात का?

ओझार्क_आजोबा
भरवसा नाही. हॅरिसनच्या वॉलमार्टमध्ये घडीच्या घ्या. आणि पाऊस असेल तर कोर्टहाउससमोर कोणी नसतं, तेव्हा सकाळी हवामान बघूनच निघा.