समुद्रावरचं नेट, ओटीपी आणि बिलं: जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा

भटकी मांजर (धागाकर्ती)

दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन सिंगापूरहून क्रूझवर जायचं घाटतंय. मध्ये पेनांग आणि फुकेत. केबिन, जेवण, किनाऱ्यावरच्या सहली यांचे पायलीला पन्नास व्हिडिओ सापडतात. नेटचा विषय काढला की मात्र "वायफाय घेऊन टाका" यापलीकडे कोणी बोलत नाही. बाबांचं सगळं बँकिंग फोनवर, आईला रात्री नातवाचं तोंड बघितल्याशिवाय झोप येत नाही आणि मला ऑफिसचे मेल सुटत नाहीत.

जे जाऊन आलेत, जहाजावर नोकरी करतात किंवा घरी बसून फोन लागायची वाट बघतात, त्यांनी लिहा. काय अडलं, वाट कशी काढली आणि सुरक्षेचं काय केलं, तेवढं हवंय. स्वतःच्या तक्रारी सांगताना कंपन्यांची नावं नकोत, धागा भरकटतो.

टूरवाला

माझ्या ग्रुपमध्ये बहुतेक मंडळी साठीच्या पुढची. टर्मिनलवर रांगेत उभे असतानाच मी सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाकून घेतो आणि मग फक्त वायफाय चालू करायला लावतो. लोक वैतागतात, वैतागू देत.

कारण असं की जहाजाचा स्वतःचा मोबाइल टॉवर असतो. किनाऱ्यापासून साधारण 12 सागरी मैल, म्हणजे 22 किलोमीटर, पुढे गेलं की तो चालू करतात. आपला फोन नेटवर्क शोधतच असतो, तो आनंदाने त्याला जाऊन चिकटतो. स्क्रीनवर 'सेल्युलर ॲट सी', 'टेलिनॉर मॅरिटाइम' किंवा नुसतं '901-18' असं काही दिसलं की समजायचं, मीटर पडलं. आमच्यातल्या एका काकांचं म्हणणं, "मी दुबईचा रोमिंग पॅक घेतलाय की!" तो पॅक अमिरातीतल्या टॉवरचा. समुद्रावरचं नेटवर्क सहसा त्यात धरलेलं नसतं, त्याचे पॅक असलेच तर वेगळे. काकांचा फोन रात्रभर चालू राहिला आणि दिवसभराचे फोटो मुकाट्याने क्लाउडवर चढत राहिले. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही, काकूही हा धागा वाचत असतील.

आणखी एक. दुबईच्या बंदरात स्थानिक सिम घातलं तरी व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल लागत नाही. तिथे तो बंदच आहे. फोन बिघडला समजून दुकानं शोधत फिरू नका.

कीलचा कोकण्या

टूरवाल्यांना दुजोरा. आम्ही जर्मनीत राहतो. इथल्यांना वाटतं, युरोपात रोमिंग फुकट, मग भीती कसली. कील ते ओस्लो रात्रभराची बोट आहे. दोन्ही टोकांना नियम लागू, नॉर्वेतसुद्धा. पण तो नियम जमिनीवरच्या टॉवरपुरता. मधल्या पाण्यात बोटीच्या उपग्रहाच्या नेटवर्कला तो लागू नाही. क्रूझवाले निदान सावध असतात. बोटीवर कोणी सावध नसतं, कारण एका रात्रीचा तर प्रश्न.

वेंगुर्लेकर

मी क्रूझच्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, बरीच वर्षं आहे. आमच्याकडचे आणि गोव्याचे पोरगे एकेका जहाजावर इतके असतात की मेसमध्ये मालवणी-कोंकणीच जास्त ऐकू येते.

आधी स्क्रॅच कार्ड मिळायची, मिनिटांवर. पान उघडेपर्यंत निम्मी मिनिटं संपायची. आम्ही घरचा मेल आधी वहीत लिहून काढायचो, लॉगिन केलं की भराभर टाइप करायचं आणि लगेच लॉगआउट. लॉगआउट राहिलं तर कार्ड तसंच जळत राहायचं. बंदर आलं की खलाशांच्या सेंटरकडे धाव, तिथे वायफाय फुकट. ब्रेक दोन तासांचा, त्यातला अर्धा तास चालण्यात. सेंटरच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले फिलिपिनो, इंडोनेशियन, आपले, सगळे आपापल्या बाळांना स्क्रीनवर हाका मारताहेत, हे ज्याने पाहिलंय त्याला क्रूझवरच्या नेटची किंमत वेगळी सांगायला नको. 2020 मध्ये जहाजं जगभर अडकली तेव्हा घरी काय चाललंय ते कळायचं हे एकच साधन होतं.

आता बरं आहे. सागरी कामगार कराराच्या सुधारणा 23 डिसेंबर 2024 पासून लागू झाल्या. कर्मचाऱ्यांना जमेल तितकं इंटरनेट द्यायचं आणि पैसे लावले तर ते वाजवी असावेत, असं त्यात आलंय. सगळीकडे फुकट झालं असं नाही. पण केबिनमध्ये पडल्या पडल्या पोराचा अभ्यास घेता येतो.

सुरक्षेचं विचारताय तर आमचा धोका जहाजावर चढण्याआधीचा. गावातल्या पोरांना व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर येतं. वर मोठ्या क्रूझचा शिक्का, खाली पगार डॉलरमध्ये आणि "व्हिसा प्रोसेसिंग"साठी लाखभर मागतात. डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज विभागाच्या संकेतस्थळावर परवानाधारक एजंटांची यादी आहे, त्या परवान्याला आरपीएसएल म्हणतात. आपला एजंट त्यात आहे का ते बघा. आणि नोकरी लावून देण्याची फी खलाशाकडून घ्यायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे पैसे मागितले तिथेच उठायचं. माझ्या चुलतभावाच्या पत्रातला परवाना क्रमांक खरा होता, फक्त दुसऱ्याच एजन्सीचा. म्हणून नुसता क्रमांक जुळवू नका, यादीतल्या एजन्सीच्या नंबरवर फोन करून विचारा.

एक तारमास्तर

पोटापाण्यासाठी नेटवर्कचं काम करतो, म्हणून थोडं आतलं.

जहाजावर ते पांढरे मोठे गोल दिसतात ना, त्यांच्या आत अँटेना असतो, जहाज डुललं तरी उपग्रहाकडे तोंड धरून राहणारा. जुने उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर. तुमचं 'हॅलो' वर जाऊन खाली येणार, मग उत्तर वर जाऊन खाली येणार, यातच अर्धा सेकंद जातो. म्हणून व्हिडिओ कॉलवर दोघं एकदम बोलतात आणि मग दोघंही एकदम गप्प बसतात. स्टारलिंक या नव्या उपग्रह-इंटरनेटचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर, तिथे हा प्रश्न जवळपास मिटतो. 2022 मध्ये रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने सगळ्या जहाजांवर स्टारलिंक बसवायचं जाहीर केलं, पाठोपाठ इतरही आले. मांजरताई, बुकिंग करताना "वायफाय आहे का" विचारू नका, ते असतंच. "कुठल्या उपग्रहाचं" ते विचारा.

आता सुरक्षा. जहाजाच्या वायफायवर कोणीतरी बसून तुमचा पासवर्ड वाचतोय हे चित्र आता बरंच जुनं झालं. बँकेचं ॲप किंवा https ने सुरू होणारं संकेतस्थळ यांतली देवाणघेवाण तुमच्या फोनपासून बँकेपर्यंत बंद पाकिटातून जाते. मधल्याला कुठे गेलात ते कळू शकतं, आत काय लिहिलंय ते नाही. जपायचं ते वेगळंच: जहाजाच्या नावासारखंच नाव असलेलं दुसरं वायफाय आणि त्यावर उघडणारं लॉगिनचं पान. नेटवर्कचं नाव केबिनमधल्या कागदावरून किंवा गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवरून घ्या. बंदरात उतरल्यावर तर जास्तच, कारण घाटाजवळच्या कॅफेत कोणीही कसलंही नाव देऊन वायफाय लावू शकतो. आणि 'प्रमाणपत्र चुकीचं आहे' अशी सूचना आली तर 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही. एवढं पाळलं तरी खूप.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे नेटची सगळी ये-जा बंद बोगद्यातून नेणाऱ्या ॲपबद्दल, इथे कोणी ना कोणी विचारेलच. घ्या, वाईट काही नाही, पण स्वस्त पॅकेजमध्ये तो काही जहाजांवर अडवतात. लॉगिनचं पानच उघडत नसेल तर आधी व्हीपीएन आणि ॲंड्रॉइडमधली 'प्रायव्हेट डीएनएस' ही सेटिंग बंद करा, लॉगिन झालं की परत चालू. निम्म्या तक्रारी एवढ्यावर मिटतात. ऑफिसचा लॅपटॉप नेणार असाल तर त्याचा व्हीपीएन चालेल का हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

निवृत्त बँकवाला, ठाणे

तारमास्तरांचं पटलं. लोक हॅकरला घाबरतात, आणि प्रत्यक्षात अडतं कुठे तर स्वतःच्या सिमवर. फोन एअरप्लेन मोडवर टाकला की एसएमएस बंद. एसएमएस बंद की ओटीपी बंद. आणि आपल्याकडे ओटीपी बंद म्हणजे सगळंच बंद.

मी वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून सिमचे कॉल-मेसेज, चालू करून गेलो होतो. माझ्या सिमवर जहाजाच्या वायफायवरून ओटीपी येत होते. सौभाग्यवतींचं सिम दुसऱ्या कंपनीचं, त्यावर शेवटपर्यंत एक आला नाही. तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नये. घरी चाचणी करून बघता येते, पण घरी चालतं ते परदेशात चालेलच असं नाही.

काही जण सिम घरी मुलाच्या फोनमध्ये ठेवून जातात, मुलगा व्हॉट्सॲपवर ओटीपी सांगतो. मला ते मान्य नाही, ओटीपी सांगायची सवय एकदा लागली की ती माणसं बघत नाही. शिवाय सोयीचंही नाही. यूपीआय आणि बरीच बँकांची ॲप सिमला बांधलेली असतात, सिम काढलं की ॲप उघडायलाच नकार देतं. तसंच जहाजावर असताना ॲप काढून परत टाकायचं किंवा नवा फोन चालू करायचं धाडस करू नका. नोंदणीसाठी तुमच्या सिमवरून एसएमएस जावा लागतो, तो कुठून जाणार?

मी करतो ते असं. वीजबिल, विमा, कार्डाचे हप्ते निघण्याआधी उरकतो. बँकेत ईमेलवर ओटीपीची सोय असेल तर चालू करतो. ईमेलचं दुसरं कुलूप, म्हणजे पासवर्डनंतर मागतात तो कोड, एसएमएसवरून काढून ऑथेंटिकेटर ॲपवर नेतो. ते ॲप कोड फोनमध्येच तयार करतं, नेटशिवाय चालतं. आणि भारतीय सिमवर रोमिंग घरूनच चालू करून घेतो, म्हणजे बंदरात उतरलं की साचलेले एसएमएस येतात. डेटा मात्र बंद.

कार्डाबद्दल नीट वाचा. जहाजावर रोख चालत नाही, सगळा खर्च खोलीच्या कार्डावर आणि ते तुमच्या बँकेच्या कार्डाला जोडलेलं. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ॲपमधून चालू करावे लागतात. जहाजावर पोचून हे लक्षात आलं की वर सांगितलेलं ओटीपीचं रामायण सुरू. डेबिट कार्ड देऊ नका. ते रोज थोडी रक्कम अडकवून ठेवतात आणि सुटायला दिवस लागतात. क्रेडिट कार्ड द्या आणि परदेशी व्यवहारांची मर्यादा बेताची ठेवा, कारण परदेशी दुकानदाराकडे नुसत्या कार्डाच्या आकड्यांवर व्यवहार होऊ शकतो, ओटीपी येईलच असं नाही. घरी आलात की मर्यादा शून्य.

सिॲटलची सून

आमच्या गावातून उन्हाळाभर अलास्काच्या क्रूझ सुटतात, सासूसासरे आले की ठरलेलाच कार्यक्रम. ग्लेशियर बेसारख्या ठिकाणी दोन्ही बाजूंना उभे डोंगर, आणि तारमास्तर म्हणतात ते विषुववृत्तावरचे उपग्रह इतक्या उत्तरेला आकाशात खाली कललेले दिसतात, डोंगराच्या आडच जातात. नेट जातं म्हणजे जातंच. जूनो, स्कॅगवे आले की नेटवर्क येतं, पण तेव्हाच शेजारी आणखी तीन जहाजं उभी असतात आणि सगळे एकदम फोन काढतात.

वायफायचे दर दिवसाला एका उपकरणामागे साधारण 20 ते 30 डॉलर. आधी घेतलं तर थोडं स्वस्त. आम्ही एकच घेतो. एका फोनवर लॉगआउट केलं की दुसऱ्यावर चालतं. सासूबाई सकाळी, मी दुपारी, रात्री जो जिंकेल तो. जहाजाचं स्वतःचं ॲप मात्र पॅकेजशिवाय चालतं, कार्यक्रम आणि जेवणाच्या वेळा त्यातच.

सुरक्षेबद्दल माझं मत वेगळं आहे. आपण वायफायची काळजी करतो आणि पासपोर्टचा फोटो बिनदिक्कत अपलोड करतो. कार्निव्हल कॉर्पोरेशन या क्रूझ कंपनीत 2019 साली कर्मचाऱ्यांच्या ईमेल खात्यांत कोणी शिरलं होतं. त्यात सुमारे 1,80,000 प्रवासी-कर्मचाऱ्यांची माहिती उघडी पडली, पासपोर्ट क्रमांकांसकट. जून 2022 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या 46 राज्यांशी 12.5 लाख डॉलरची तडजोड केली. त्या प्रवाशांनी जहाजावर कितीही व्हीपीएन लावला असता तरी काही उपयोग नव्हता. म्हणून क्रूझच्या खात्याला वेगळा पासवर्ड, आणि पासपोर्टची प्रत फक्त कंपनीच्या ॲपमधून, एजंटच्या व्हॉट्सॲपवर नाही.

टूरवाला

शेवटच्या वाक्याने आमच्या धंद्यावरच घाव घातलात वहिनी. पण खरं आहे. काम झालं की मी फोनमधून प्रती उडवतो. तुमचा एजंट उडवतो का, विचारा त्याला.

लेक पुण्याची

मी घरी बसून वाट बघणाऱ्यांतली. आईबाबा निघाले तेव्हा आईने बोर्डिंगच्या रांगेतून स्टेटस टाकलं, "चला, आठवडाभर नो फोन!" सोसायटीच्या, शाळेच्या, भिशीच्या सगळ्या ग्रुपांना कळलं. दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून मेसेज: "बेटा, फोन पाण्यात पडला, हा जहाजावरच्या एकांचा नंबर आहे. दवाखान्याचे पैसे भरायचेत, लगेच पाठव." डीपीला बाबांचाच फोटो.

बाबा मला जन्मात बेटा म्हणाले नाहीत, म्हणून खटकलं. मी विचारलं, आपल्या खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याचं नाव काय? उत्तर आलं, "चेष्टेची वेळ आहे का ही?" क्षणभर वाटलं, हे बाबाच. पण नाव काही आलं नाही. खरे बाबा संध्याकाळी वायफायवरून ऑनलाइन आले, जिलेबीचा फोटो पाठवायला. पैसे गेले नव्हते, तरी सायबर पोर्टलवर तक्रार केली. पैसे गेले असतील तर 1930 वर ताबडतोब फोन करायचा.

आता नियम केलाय, फोटो परत आल्यावर. आई अजून रुसून आहे.

भटकी मांजर

सगळ्यांचे खूप आभार. बँकवाले काका, एक शंका. बाबांच्या फोनमध्ये एकच सिमची जागा आहे, ई-सिमची (कार्ड न घालता चालणाऱ्या सिमची) सोय नाही. पेनांग-फुकेतला स्थानिक सिम घातलं तर भारतीय सिम बाहेर. मग ओटीपी?

निवृत्त बँकवाला, ठाणे

बाबांच्या फोनला हातच लावू नका. ई-सिम तुमच्या फोनमध्ये घ्या, त्या देशांचा एकत्र मिळतो, आणि बंदरात बाबांना हॉटस्पॉट द्या. त्यांचं सिम जागेवर राहील, एसएमएसही येतील. फक्त जहाजावर परत चढताना दोघांचेही फोन एअरप्लेन मोडवर.