रोज सकाळी तारीख २०१२ ची होते, साइट उघडत नाहीत. फॉरमॅट टाळता येईल का?

ओवीवही (वाई)

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, वाई तालुक्यात राहते. जरा सविस्तर लिहिते, कारण दुकानात कुणी पूर्ण ऐकूनच घेतलं नाही.

डेस्कटॉप २०१२ मध्ये घेतलेला आहे. मूळचं विंडोज ७ होतं, पुढे भाच्याने विंडोज १० घालून दिलं. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. काही आठवड्यांपासून सकाळी सुरू केला की आधी काळ्या पडद्यावर ‘सीएमओएस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ असं येतं आणि एफ१ दाबायला सांगतं. ते दाबलं की विंडोज येतं, पण कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०१२. मग एकही साइट धड उघडत नाही. वीजबिल भरायला गेलं की ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. ईमेलला तेच. अँटिव्हायरस सांगतो, लायसन्स चालत नाही. तारीख हाताने बदलली की सगळं सुरळीत. दुपारी शट डाउन करून संध्याकाळी लावला तरी तारीख बरोबर राहते. सध्या वळवाच्या विजा होतात म्हणून रात्री भिंतीवरचं बटण बंद करते, आणि सकाळी पुन्हा २०१२.

शिवाय तो फार मंद झालाय. वर्डची फाइल उघडायला कितीतरी मिनिटं घेतो, मधेच सगळं थिजतं.

दुकानात दाखवला. ते म्हणाले, व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. त्यानेही नाही झालं तर मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. डेटा राहील का विचारलं तर ‘बघू’ एवढंच उत्तर. मी तसाच उचलून घरी आणला.

कारण त्यात मी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. नोकरीत जिथे जिथे बदली झाली, तिथल्या आज्या-मावश्यांकडून ऐकून वहीत उतरवल्या आणि नंतर श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये, टाइप केल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी ओव्यांचं केवढं काम उभं केलं ते मला ठाऊक आहे. माझा संग्रह कृष्णाकाठच्या मोजक्या गावांपुरता आहे, पण ज्या बायकांनी त्या सांगितल्या त्यांतल्या बहुतेकजणी आता नाहीत, आणि बऱ्याच वह्या वाळवीने खाल्ल्या. त्या ओव्या आता या कॉम्प्युटरमध्येच आहेत. फॉरमॅट न करता हे दुरुस्त होईल का? आणि मी स्वतः काय काय करू शकते?

---

तांब्याची_तार (नाशिक)

बाई, नमस्कार. फॉरमॅट करू देऊ नका. तारखेचा आणि व्हायरसचा इथे काही संबंध दिसत नाही. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की उत्तर त्यातच आहे.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, म्हणून २०३२. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि बायोसची (कॉम्प्युटर सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग जपणं हे त्याचं काम. तो संपला की घड्याळ मूळ तारखेवर जातं.

दुपारी शट डाउन केल्यावर तारीख का टिकते? शट डाउन केलं तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर पॉवर सप्लाय मदरबोर्डला थोडी वीज देत राहतो आणि घड्याळ तिच्यावर चालतं. रात्री तुम्ही बटणच बंद करता, तेव्हा सगळा भार सेलवर येतो. मदरबोर्ड गेला असता तर बटण चालू-बंद केल्याने असा ठरलेला फरक पडला नसता.

साइट न उघडण्याचं कारणही हेच. प्रत्येक सुरक्षित साइटचं एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुमचा कॉम्प्युटर २०१२ मध्ये आहे, प्रमाणपत्र आत्ताचं आहे, म्हणून ब्राउझरला ते अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि तो अडवतो. अँटिव्हायरसच्या लायसन्सचंही तसंच.

विंडोज इंटरनेटवरून वेळ आपोआप का दुरुस्त करत नाही, असाही प्रश्न पडेल. घरगुती कॉम्प्युटरवर ती सेवा साधारण १५ तासांपर्यंतचाच फरक भरून काढते. त्याहून मोठी तफावत दिसली तर ती हातच लावत नाही. तुमची तफावत वर्षांची आहे.

सेल घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो, शंभर रुपयांच्या आत. बदलायला पाच मिनिटं लागतात. पण बाई, तो आज बदलू नका. मंदपणाचं आधी बघू.

---

शांत_पंखा

वरच्यांशी सहमत, फक्त एक धोका सांगतो. सेल काढला की बायोस डिफॉल्टवर जातं आणि त्यात साटा मोड, म्हणजे मदरबोर्डने हार्डडिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ते सेटिंग, एएचसीआयचा आयडीई किंवा उलट झाला तर विंडोज सुरूच होत नाही, निळा पडदा येतो. माझ्या शेजाऱ्यांकडे झालं होतं. आधी ते सेटिंग लिहून ठेवा.

---

तांब्याची_तार (नाशिक)

एरवी हा इशारा अगदी बरोबर आहे. पण बाईंच्या इथे रोज सकाळी ‘डिफॉल्ट्स लोडेड’ येतंय आणि त्यानंतर विंडोज व्यवस्थित सुरू होतंय. म्हणजे ते डिफॉल्ट मोडवरच चालतंय. सेल काढल्याने आणखी काही बदलणार नाही.

---

घाटमाथा_९

मी डेटा रिकव्हरीच्या कामात आहे. ताई, सेलचं निदान पटलं, पण माझं सगळं लक्ष तुमच्या मंदपणाच्या परिच्छेदावर आहे. फाइल उघडायला मिनिटं लागणं आणि मधेच थिजणं ही बहुतेक वेळा हार्डडिस्क थकल्याची खूण असते. तारीख चुकल्याने तुमच्या ओव्यांना काही होत नाही. डिस्क गेली तर त्या जातील.

आधी तारीख हाताने बरोबर करा, नाहीतर डाउनलोडच होणार नाही. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा मोफत प्रोग्रॅम उतरवून चालवा. वर डावीकडे ‘गुड’, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असं दिसेल. खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या ओळी शोधा आणि शेवटच्या रकान्यातले आकडे इथे लिहा.

तोवर डिफ्रॅग (फाइलींचे तुकडे एकत्र लावणं) करू नका, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू नका. कुणी कितीही सांगितलं तरी नाही. त्यात संपूर्ण डिस्क पुन्हा पुन्हा वाचली जाते, आणि थकलेली डिस्क नेमकी त्याच वेळी मान टाकते. डिस्कमधून ठराविक टकटक ऐकू येते का? येत असेल तर लगेच बंद करा आणि आधी इथे लिहा.

---

ओवीवही (वाई)

तुम्हा सगळ्यांचे आभार. टकटक नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं, पिवळ्या चौकोनात ‘कॉशन’ आलं. ०५ पुढे सगळी शून्यं. सी५ पुढे शून्यांच्या शेवटी १८. सी६ पुढेही शेवटी १८.

---

घाटमाथा_९

ते आकडे षोडशमान पद्धतीत असतात, म्हणजे १८ म्हणजे आपले २४. डिस्कवरच्या २४ जागा अशा आहेत की तिथलं तिला आत्ता वाचता येत नाही. डिस्क अजून जिवंत आहे, पण आता तिच्यावर ओव्या एकट्या ठेवायच्या नाहीत. कॉपी आजच करा.

पूर्ण डी ड्राइव्ह एकदम उचलू नका. आधी फक्त ओव्यांचं फोल्डर. ते झालं की फोटो, मग बाकीचं. एखाद्या फाइलवर अडकलं तर ‘स्किप’ करून पुढे जा, तिच्याकडे नंतर बघू. एक प्रत एक्स्टर्नल हार्डडिस्कवर आणि दुसरी गूगल ड्राइव्हवर किंवा भाच्याच्या कॉम्प्युटरवर. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरता ठीक, साठवणीसाठी नाही.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं आहे. गेल्या काही आठवड्यांत तारीख चुकलेली असताना तुम्ही ज्या फाइली दुरुस्त करून सेव्ह केल्या, त्यांच्यावर २०१२ ची तारीख बसली आहे. म्हणजे सर्वांत ताजी फाइल यादीत सर्वांत जुनी दिसेल. आधीच्या एखाद्या बॅकअपवर कॉपी करताना ‘नवीन तारखेची ठेवा’ असं निवडलंत तर ताजं काम पुसलं जाईल. म्हणून कोऱ्या फोल्डरमध्येच कॉपी करा, जुन्या कशावरही लिहू नका.

---

काना_मात्रा (ठाणे)

मी छपाईच्या धंद्यात होतो, अक्षरजुळणी केली आहे. सगळे डिस्कबद्दल बोलताहेत, मी फॉन्टबद्दल बोलतो.

ताई, श्रीलिपीत टाइप केलेली फाइल नुसती कॉपी करून भागणार नाही. युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या या फॉन्टमध्ये फाइलच्या पोटात खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, त्यांच्यावर देवनागरी आकार फॉन्ट चढवतो. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली की नुसती चिन्हांची रांग दिसते. दुकानात फॉरमॅट झालं असतं तर फाइली वाचूनही ओव्या वाचता आल्या नसत्या, कारण फॉन्ट सी ड्राइव्हमध्ये असतात.

म्हणून ओव्यांबरोबर सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स हे फोल्डर उघडा आणि ‘श्री-देव’ने सुरू होणारे सगळे फॉन्ट कॉपी करा. श्रीलिपीची सीडी आणि तिच्याबरोबरचं कुलूप, म्हणजे मागे लावायचं छोटं डाँगल, असेल तर जपून ठेवा.

मग प्रत्येक फाइल उघडून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ने तिची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सोबत जातात, त्यामुळे ती कुठेही जशीच्या तशी दिसते. पुढे युनिकोडमध्ये रूपांतर कराल तेव्हा ताडून बघायला हीच पीडीएफ लागेल.

रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार चुकीच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी पुढे-मागे होते. ऱ्ह आणि ऱ्य यांची तर बहुतेक ठिकाणी वाट लागते. तुमच्या बायकांच्या बोलीत ‘ऱ्हातं’, ‘दुसऱ्याच्या’, ‘कऱ्हाड’ असे शब्द पानोपानी असणार. त्या बोलीची खूण तिथेच पुसली जाते, आणि ज्याने ती बोली ऐकलेली नाही त्याला चूक कळतही नाही. हे तपासण्याचं काम तुमच्याशिवाय दुसऱ्याने करू नये असं मला मनापासून वाटतं.

---

ओवीवही (वाई)

ओव्यांचं फोल्डर आणि बाकीचंही जवळजवळ सगळं कॉपी झालं. एक्स्टर्नल डिस्कवर एक प्रत आणि गूगल ड्राइव्हवर एक. फॉन्टही घेतले. दोन फाइलींवर अडकलं. त्यांतली एक माझ्या पेन्शनच्या कागदांची होती, ती पुन्हा मिळवता येईल. दुसरी खरंच ओव्यांची होती, सासुरवाशिणीच्या ओव्या. तिची वही सुदैवाने वाळवीतून वाचलेली आहे, पुन्हा टाइप करीन.

काना-मात्रा यांनी ऱ्हबद्दल लिहिलं ते अगदी खरं आहे. एका फाइलचं रूपांतर करून पाहिलं, ‘ऱ्हातं’ सगळीकडे ‘र्हातं’ झालंय. बसून एकेक ओळ तपासणार आहे.

आता सेल बदलू का? कसा?

---

तांब्याची_तार (नाशिक)

आता बदला. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून नाही. मग सीपीयूचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, उरलेली वीज निघून जाईल. बाजूचं झाकण उघडा, आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श करा. सेलच्या कडेला एक छोटी क्लिप असते, ती बोटाने किंवा लाकडी काडीने बाहेर ढकलली की सेल उचकून वर येतो. स्क्रू ड्रायव्हरने खुपसू नका, बोर्डावर ओरखडा जाईल. नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर.

पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा तोच संदेश पुन्हा येईल, घाबरू नका. या वेळी एफ१ ऐवजी बायोसमध्ये जा, बहुतेक डिलीट किंवा एफ२ की. तारीख-वेळ तिथेच लावा आणि एफ१० ने सेव्ह करा.

---

ओवीवही (वाई)

बदलला. रात्री बटण बंद ठेवलं होतं, सकाळी तारीख बरोबर. वीजबिल भरलं, ईमेल आलं, अँटिव्हायरसची तक्रार गेली.

राहिला मंदपणा. ही डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घालावी की नवा कॉम्प्युटर घ्यावा? विंडोज १० आता बंद झालंय म्हणतात.

---

घाटमाथा_९

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते २०१२ च्या मशीनमध्ये नाही. नियम चुकवून ते घालून देणारे भेटतील, मी तसं करणार नाही.

माझं मत असं. बँक, बिलं, ईमेल यांसाठी पुढेमागे दुसरं मशीन घ्या. पण हा कॉम्प्युटर टाकू नका, कारण श्रीलिपी इथेच चालते. यात २५० जीबीच्या आसपासची छोटी साटा एसएसडी घाला, तिच्यावर विंडोज १० कोरं घाला आणि नवं मशीन आलं की हा इंटरनेटशिवाय फक्त ओव्यांसाठी वापरा. जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, करू नका, खराब जागांवर ते अडकेल. ती काढून, नाव-तारीख लिहून तशीच बाजूला ठेवा. न वाचलेली फाइल कधी हवीच झाली तर त्यातून प्रयत्न करता येईल.

---

शांत_पंखा

जुन्या सेलचं एक राहिलं. घरी लहान मूल येत-जात असेल तर तो उघड्यावर ठेवू नका. संपलेला सेलही गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.