मदत हवी आहे: बंद कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर पडलेल्या घळी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या खुल्या (ओपनकास्ट) कोळसा खाणीच्या संयुक्त पाहणीत ग्रामपंचायतीकडून मी जाणार आहे. मी शेतकरी, इंजिनिअर नाही.

खाणीतून काढलेल्या माती-दगडांचा ढिगारा तीन टप्प्यांचा आहे. खाली पिवळी माती आणि वाळूखडक, वर काळ्या मातीचा थर. कागदावर एकूण उतार २८ अंशांच्या आत. वरच्या दोन टप्प्यांवर सुबाभूळ आणि गवत बरं लागलंय. लांबून फोटो काढला तर झकासच दिसतं! खालच्या टप्प्यावर मात्र माती धरायला अंथरलेल्या काथ्याच्या जाळीखालून पाणी घुसून घळी पडल्यात, एकीत माझा गुडघ्यापर्यंत पाय गेला. पायथ्याची भिंत शाबूत आहे, पण चर गाळानं अर्धा भरलाय आणि पुढचा नाला आमच्या शेतांतून जातो.

आतापर्यंत मी मोबाइलवर उतार मोजला, घळींजवळ खुंट्या ठोकून खुणा केल्या आणि दोन पावसांनंतरचे फोटो ठेवले. खाणवाल्यांना विचारलं तर "गवत वाढलं की थांबेल" एवढंच. मागच्या वर्षीही हेच ऐकलं होतं.

पाहणीला एकच दिवस आहे. ड्रोन किंवा सर्व्हेचं यंत्र मिळणार नाही, टेप, खुंट्या आणि बाटल्या आहेत. घळी वरच्या टप्प्याचं पाणी कडेवरून सांडल्यामुळे पडल्यात की वरची माती नीट दाबली नाही म्हणून, हे जागेवर कसं ओळखायचं? आणि अहवालावर सही करण्याआधी कोणती मोजमापं त्यात लिहून घ्यायलाच हवीत?