मदत हवी आहे: फायटर माशाची शेपटी फाटली, मीठ की बदामाचं पान?

नमस्कार मंडळी, फोंड्याहून विचारतोय. भाच्याने दोन नर फायटर एकाच टाकीत सोडले, वेगळे करेपर्यंत निळ्याच्या शेपटीच्या चिंध्या! आता तो २० लिटरच्या टाकीत एकटा आहे, खातोय, पाणी थोडं थोडं बदलतो (क्लोरीन काढूनच). फाटलेल्या कडेला पारदर्शक पापुद्रा दिसतोय, ती नवी वाढ असावी. पण एका टोकाची कड काळसर आहे, तीच खटकते. फिन रॉट (पर-शेपटी कुजण्याचा रोग), की भरून येतानाचा रंग? परसात देशी बदाम आहे. गळलेली वाळकी पानं धुऊन टाकली तर पुरे, की लिटरला १ ग्रॅम मीठही? दुकानदार थेट अँटिबायोटिक देतोय, मला ती घाई वाटते. फिल्टरचा झोत कसा कमी करता?