गेममध्ये हिंसा ठेवायची की नाही, हे कशावर ठरवावे?

धागालेखक:
'मॉर्टल कॉम्बॅट' या व्हिडिओ गेममधील रक्तपातावरून १९९३ साली अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली, पुढच्याच वर्षी गेमना वयोगटानुसार मानांकन देणारी ईएसआरबी ही संस्था उभी राहिली, आणि तेव्हापासून सगळा वाद 'मुलांवर काय परिणाम होतो' याच प्रश्नाभोवती फिरतो आहे. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: गेम घडवणाऱ्याने हिंसा मुळात घालावीच का? माझ्या मते, हिंसेची किंमत खेळाडूला खेळातच मोजावी लागत असेल, तरच ती घालावी. वॉर्सातील ११ बिट स्टुडिओजच्या 'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४) या गेममध्ये आपण सैनिक नसतो, तर वेढा पडलेल्या शहरातले साधे नागरिक असतो. रात्री एका वृद्ध जोडप्याच्या घरात शिरून त्यांचे अन्न आणि औषधे उचलता येतात. ते दोघे आपल्याला अडवू शकत नाहीत. गेम थांबत नाही, गुणही कापत नाही. मात्र चोरी करणारा माणूस मनाने खचू लागतो, आणि पार खचलेला माणूस पुढे कामाला हात लावेनासा होतो.

पहिला प्रतिसाद:
आपला निकष प्रामाणिक आहे, पण फार अरुंद आहे. शेजारी बसून दोघे जण 'टेकन' हा मारामारीचा गेम खेळतात, तेव्हा अंतराचा अंदाज, वेळ साधणे आणि प्रतिस्पर्ध्याचा डाव ओळखणे हाच सगळा आनंद असतो. कुस्तीत पाठ टेकवल्याबद्दल मल्लाने पश्चात्ताप करावा, असे कोणी म्हणत नाही. शिवाय किंमत मोजायला लावण्याच्या नादात अप्रामाणिकपणाही होतो. 'स्पेक ऑप्स: द लाइन' (२०१२) या युद्धावरच्या गेममध्ये पांढऱ्या फॉस्फरसचा, म्हणजे माणसे जाळणाऱ्या रसायनाचा, मारा केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, आणि नंतर जळालेल्या नागरिकांमधून चालायला लावून दोष मात्र खेळाडूच्या माथी मारला जातो.

धागालेखक:
त्या प्रसंगाबद्दल माझे मत नेमके उलट आहे. मारा करताना पडद्यावर केवळ पांढरे ठिपके दिसतात, आणि बहुतेक खेळाडू त्यांवर निःशंकपणे नेम धरतात, कारण आधीच्या कित्येक गेमनी ठिपका म्हणजे शत्रू हेच शिकवलेले असते. ती सवय उघडी पाडणे मला आवश्यक वाटते.

दुसरा प्रतिसाद:
मी गेम घडवणाऱ्या एका छोट्या चमूत काम करते, म्हणून एक व्यावहारिक बाजू मांडते. नेम धरणे, गोळी लागणे आणि समोरचा कोसळणे ही साखळी बांधायला सोपी असते व खेळाडूला तत्काळ प्रतिसाद देते. उलट, समजूत घालून वाट काढायची म्हटली, तर संवाद लिहावे लागतात, फाटे वाढतात आणि प्रत्येक फाटा तपासावा लागतो, म्हणजे खर्चही वाढतो. त्यामुळे हिंसा पुष्कळदा कोणी ठरवून न घालताच येऊन बसते. तरीही पैशांची सबब पुरती पटत नाही, कारण बव्हंशी एकट्या टोबी फॉक्स यांनी घडवलेल्या 'अंडरटेल'मध्ये (२०१५) कोणालाही न मारता शेवटापर्यंत जाता येते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने 'राजी' या गेममध्ये (२०२०) असुर समोर उभे केले. गेम मला आवडला, पण असुर म्हटला की त्याला मारावे का, हा प्रश्नच कोणी विचारत नाही.

पहिला प्रतिसाद:
तो विचारायची गरजही नाही. भाऊ पळवला गेलेली एक मुलगी देवीच्या साहाय्याने लढते. महिषासुरमर्दिनीची मूर्ती पाहत वाढलेल्या आपल्या लोकांना त्या लढ्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. राजीला पश्चात्ताप करायला लावला असता, तर ती कथाच खोटी ठरली असती.

धागालेखक:
राजीपुरते मान्य, तिथे माझा निकष तोकडा पडतो. पण समोर माणूस असेल, तर मी माझा निकष सोडणार नाही. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा गोळीबाराचा गेम २०२१ मध्ये आला, तेव्हा रक्त हिरवे दाखवले होते. नेम, गोळी, पडणारा माणूस आणि त्याच्या सामानाची लूट हे सारे मात्र जसेच्या तसे राहिले. असला रंगबदल मी हिंसेबाबतचा निर्णय मानत नाही.